कोण काय जेवलं त्याची वही

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
शुक्रवार, ११ जानेवारी २००८

अहिल्याताई, नमस्कार.

तीन रात्री झाल्या, मला झोप नाही. घरात मी सांगते की यामूला खोकला आहे म्हणून जागरण होतं. ते खोटं आहे. यामू छान झोपते. झोप नाही ती मंगळवारपासून. त्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते, तर नीलांबरीवहिनी आत आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "अगं प्रतिमा, पाहुणे जेवायला येतात तेव्हा मी टेबलावर नावांची कार्डं ठेवते बघ. ती नंतर तू फेकूनच देतेस ना?"

मी म्हणलं, "हो वहिनी. खरकट्याबरोबर."

"सगळी?"

"सगळी."

"बरं केलंस," म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी पोळ्या अशा झाल्या की मनोहरसाहेबांनी पहिल्यांदा ताटात अर्धी पोळी टाकली.

ताई, तुमचा माझ्यावर राग आहे. पाच महिने तुम्ही बोलला नाहीत आणि मीही फोन केला नाही. मंडळाच्या जुन्या यादीत तुमच्या ऋषीचा मिनेसोटाचा पत्ता सापडला, त्यावर पाठवते आहे. मी सहावीपर्यंतच शिकले, चुका काढू नका. साहेब फोनवर कुणाशी बोलत होते त्यातनं मला कळलं की चौदा फेब्रुवारीला तुम्हाला चौकशीत शपथेवर बोलायचं आहे, आणि साहेबांचे वकील म्हणणार आहेत की ही बाई सगळं मनानं रचून सांगते. मग तुमचं काय होतं? शपथेवर खोटं बोललं म्हणून इथं तुरुंगात घालतात का? मला कुणाला विचारता येत नाही.

ऑगस्टमध्ये वहीबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हा मी जे सांगितलं, ते सांगितलं. आज एवढंच.

प्रतिमा

रविवार, २० जानेवारी २००८

अहिल्याताई,

काल मंडळाचं हळदीकुंकू झालं. तुमच्याविना पहिलं. दर वर्षी वाण तुम्ही ठरवता, या वेळी कुणी काय ठरवलं माहीत आहे? किचन टॉवेल. तुम्ही हसला असतात.

पद्मिनीकाकू मला मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आपला एक माणूस एवढ्या मोठ्या हुद्द्यावर गेला होता, तर अहिल्याच्या पोटात दुखलं. अकरा वर्षं त्यांच्याच हाताखाली काम केलं आणि त्यांच्यावरच तक्रारीचे कागद केले!" दुसरी कुणीतरी म्हणाली, "पगारवाढ दिली नसेल." सगळ्या हसल्या. मी तिळगूळ वाटत होते. तुम्ही असतात तर हसत हसत एक टोला दिला असता आणि पुढं गेला असतात. ते मला येत नाही.

पण ताई, साहेबांबद्दल वाईट बोलायलाही माझी जीभ उचलत नाही, हे तुम्हाला खरं सांगते. यामूचे बाबा, दिगंबर, हॉटेलात भट्टीवर होते तेव्हा साहेब दर शुक्रवारी तिथं जेवायला यायचे, एवढीच ओळख. २००५ च्या जानेवारीत बर्फावर गाडी घसरून यामूचे बाबा गेले. यामू दीड वर्षाची. हॉस्पिटलात मला कुणाचं बोलणं कळत नव्हतं. आणि दारातनं हा एवढा मोठा सरकारी साहेब आला, कोटावर बर्फ, आणि माझ्यासमोर खाली बसून मराठीत म्हणाला, "बाळ, काही खाल्लंस का?" मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी आणि वहिनींनी आपल्या घरात बेसमेंटची खोली दिली, स्वयंपाकाचं काम दिलं. माझे कागद त्यांच्याच वकिलाकडे आहेत, हिरव्या कार्डाची फाइल तिथंच चालली आहे.

माझा भाऊ एकनाथ तेव्हा न्यू जर्सीहून रात्रभर गाडी चालवून आला होता. आयसेलिनला ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानात मागं भट्टीवर असतो. म्हणाला, "चल माझ्याकडे. एक खोली आहे, त्यात राहू." आणि मी त्याला काय बोलले? म्हणलं, "भट्टीवाल्याच्या खोलीत माझी पोर वाढणार नाही, साहेबांच्या घरात वाढेल." तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही. माझा आवाज ऐकला की ठेवतो. बरोबरच आहे त्याचं.

तर असे साहेब. आणि अशा तुम्ही. मला दोघंही मोठी वाटता, तीच अडचण आहे.

यामू विचारते, "आई, व्हेअर इज अहिल्यामावशी?" मी म्हणते, लांब, बर्फात. ती म्हणते, "बट वुई हॅव स्नो टू."

प्रतिमा

रविवार, २७ जानेवारी २००८

अहिल्याताई,

आज सगळं लिहिते. वहिनी देवळात गेल्या आहेत.

वही माझ्याकडे आहे. मी फेकली नव्हती.

तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, पण मला एकदा पहिल्यापासून लिहू दे, म्हणजे माझं मलाच कळेल. साहेबांनी २००६ च्या जूनमध्ये सरकारी नोकरी सोडली आणि ऑफिस काढलं. तुम्ही त्यांच्याबरोबर तिकडे गेलात. मग घरी जेवणं सुरू झाली. पहिलं दिवाळीच्या आधी, सहा माणसं. त्यांत केलरसाहेब, साहेबांच्या जुन्या खात्यातले. मी काकडीची कोशिंबीर केली होती, आणि आपल्याकडे कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालायचं की नाही हे कुणी विचारतं का? हात आपोआप जातो. केलरसाहेबांनी दोन घास खाल्ले आणि त्यांचे ओठ सुजले, डोळे मिटले, घसा बंद. त्यांच्या बॅगेत अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची सुई होती, ती त्यांनी स्वतःच मांडीत टोचली. वहिनी ओरडल्या, "नाइन वन वन करा!" साहेब म्हणाले, "नको. मी नेतो." आणि स्वतः गाडी काढून त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले.

मी सिंकपाशी बसून रडत होते की उद्या मला काढणार. साहेब परत आले ते सरळ स्वयंपाकघरात. म्हणाले, "चूक माझी. मी तुला सांगायला पाहिजे होतं." मला वाटलं, काय माणूस आहे! अँब्युलन्सची वाट न बघता स्वतः धावला. मी हे सगळ्यांना सांगत फिरले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ती निळी वही आणून दिलीत. म्हणालात, "कराडला तुझ्या वडिलांच्या खाणावळीत कसं करायचे?" मी सांगितलं, प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान असायचं. कुणाला तिखट चालतं, कुणाचा उपास कधी, काल कुठली भाजी वाढली. एकाच माणसाला पाठोपाठ तीच भाजी वाढली तर बाबा चिडायचे. "मग तसंच कर," म्हणालात. मी म्हणलं, इंग्रजी नावं मला लिहिता येत नाहीत. तुम्ही हसलात. "कार्ड चिकटव की."

म्हणून दर जेवणानंतर मी टेबलावरची कार्डं उचलायचे आणि भाताच्या खळीनं वहीत लावायचे. वहिनींचं ते गोल गोल सुंदर अक्षर. शेजारी मराठीत लिहायचे, तारीख, काय जेवले, काय टाकलं, कुणाला दाणे नकोत. तुम्ही रविवारी यायचात तेव्हा त्याच कार्डांवरनं मला एबीसी शिकवलंत. के फॉर केलर. माझी पहिली इंग्रजी पाटी ती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, हातात चहा, उभ्यानंच. मी एक शब्द वाचला की तुम्ही यामूला टाळ्या वाजवायला लावायचात.

मग ऑगस्टमध्ये तुम्ही बेसमेंटच्या दाराशी आलात. बसलाही नाहीत. मला समजेल असं तुम्ही सांगितलंत, ते सगळं माझ्या लक्षात आहे. म्हणालात, "प्रतिमा, एवढ्या मोठ्या पदावरनं माणूस उतरला की पहिलं वर्षभर त्यानं आपल्या जुन्या खात्याकडे कुणाचंही काम घेऊन जायचं नाही, असा नियम आहे. आणि पुढंही कंपनीच्या वतीनं सरकारात बोलायचं तर एका फॉर्मवर नाव नोंदवायचं, म्हणजे लोकांना कळतं कोण कुणासाठी बोलतोय. पण त्या फॉर्मला पळवाटा आहेत. त्या कामात वेळेचा पाचवा हिस्सा गेला तरच नाव लागतं. घरच्या जेवणाचे तास कोण मोजतं? साहेबांचा हुद्दा नुसता ‘सल्लागार’. पाहुणे आपणहून जेवायला आले. शेजारच्या खुर्चीत साहेबांना पैसे देणाऱ्या मशीनवाल्या कंपनीचा माणूस, तोही पाहुणाच. कुठंही एक अक्षर नाही."

मी विचारलं, "म्हणजे साहेबांनी चोरी केली?"

तुम्ही म्हणालात, "चोरी नाही गं. कपड्याला भोक असलं तर त्यातनं हात घालणाऱ्याला चोर म्हणायचं की शिंप्याला नावं ठेवायची, मला माहीत नाही. पण पहिल्या वर्षाचा नियम साधा आहे, त्याला भोक नाही. आणि साहेबांनी मला त्या वर्षातल्या जेवणांच्या खर्चासमोर ‘कौटुंबिक’ असं टाइप करायला सांगितलं. मी म्हणलं, साहेब, मी टाइप करणार नाही. तुम्ही करा."

आणि मग तुम्ही ती एक गोष्ट विचारलीत, "त्या दिवशी त्यांनी अँब्युलन्स का बोलावली नाही, कधी विचार केलास? अँब्युलन्सवाले लिहून घेतात. कुणाचं घर, कोण आजारी, किती वाजता."

ताई, मला त्या वेळी तुमचा इतका राग आला. माझ्या आयुष्यातली एक चांगली गोष्ट तुम्ही घाण केली असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "वही दे." मी म्हणलं, "फेकली." तुम्ही माझ्याकडे बघितलंत, यामूच्या डोक्यावरनं हात फिरवलात आणि "बरं" म्हणून गेलात. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात की मला सोडून दिलंत, ते मला अजून कळत नाही.

दोन दिवसांनी वकील आला. वहिनींनी मराठीत समजावून सांगितलं, घरी जेवायला कोण येतं तेवढं सांग. मी म्हणलं, "घरचीच माणसं."

तुमचं खरं मी माझ्या तोंडानं खोटं केलं. एवढं लिहायला मला तीन पत्रं लागली.

प्रतिमा

शनिवार, २ फेब्रुवारी २००८

अहिल्याताई,

तुमचं तिळगुळाचं कार्ड मिळालं. आत एक अक्षर नाही, फक्त पोस्टाची तिकिटं. चाळीस. तुमचा स्वभाव मी ओळखते, मला कळलं. मी पोरीला जवळ घेऊन खूप रडले.

पण मेलबॉक्स वहिनींनी उघडला. पाकीट माझ्या हातात देताना म्हणाल्या, "ईडन प्रेरी, मिनेसोटा. अक्षर अहिल्याचं दिसतंय." मी म्हणलं, "संक्रांतीचं आहे." त्या म्हणाल्या, "संक्रांत होऊन आठवडे झाले."

आज सकाळी साहेब चहा घेऊन स्वयंपाकघरातच बसले. असं ते कधी करत नाहीत. मी पोहे परतत होते.

"प्रतिमा, तुला आठवतं, मी केलरला काय म्हणालो होतो?"

आठवत होतं. एका मोठ्या जेवणाच्या वेळी मला बाहेर बोलावून सगळ्यांसमोर ते इंग्रजीत काहीतरी म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मला मराठीत सांगितलं, "मी म्हणालो, माझ्या शंभर पत्रांनी होत नाही ते हिच्या आमटीनं होतं." मी महिनाभर हवेत होते ताई. मला वाटायचं, माझी आमटी!

"आठवतं साहेब," मी म्हणलं.

"अहिल्यानं पण माझ्यासाठी खूप केलं," ते म्हणाले. "तिच्यासारखी बाई ऑफिसात पुन्हा मिळणार नाही. तिनं राजीनामा ठेवला तेव्हा टेबल पुसून गेली, माहीत आहे? मनीप्लांटला पाणी घालून गेली." चहाचा घोट घेतला. "पण ती चुकली. मी काही वावगं केलं नाही. इथं सगळे असंच करतात."

मी गॅस बारीक केला. कुठनं धीर आला कुणास ठाऊक, मी विचारलं, "मग साहेब, सगळे करतात तर लिहीत का नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. जसं काही टेबल बोललं. मग हसले. "तू शहाणी झालीस."

"अहिल्याताईंनी शिकवलं."

"हं." कप खाली ठेवला. "गुरुवारी वकील येतील. एक कागद आहे, मी नोकरी सोडल्यावर पहिल्या वर्षात घरी फक्त कुटुंबातली माणसं जेवायला आली, एवढंच. सही करायची. तुझ्या फाइलचं पण त्याच वेळी बोलून घेऊ. यामूची शाळा सुरू होईल, कागद नीट पाहिजेत ना?"

आवाज अगदी मायेचा होता. त्यांना माया आहेच, खोटी नाही. म्हणून तर भीती वाटते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पोहे करपले. त्यांनी तसेच खाल्ले आणि छान झालेत म्हणाले.

प्रतिमा

मंगळवार, ५ फेब्रुवारी २००८

अहिल्याताई,

आज वही या पाकिटात आहे. तुमची तिकिटं सगळी लावली, किती लागतात मला माहीत नाही, कमी पडायला नकोत. मेलबॉक्सचा लाल झेंडा वर करून मी खिडकीत उभी राहीन, पोस्टमन घेऊन जाईपर्यंत. वहिनी नऊ वाजता योगाला जातात, तो साडेनऊला येतो.

वहीत एकेचाळीस कार्डं आहेत. दिवाळीच्या आधीपासून मेपर्यंत सात जेवणं, सगळी पहिल्या वर्षातली. केलरसाहेब पाच वेळा. पहिल्या पानावर त्यांच्या कार्डासमोर मी लिहिलंय, "दाणे नको, ओठ सुजले, साहेब स्वतः घेऊन गेले, साहेब देवमाणूस." ते मी खोडलं नाही. तेव्हा मला तसंच वाटलं होतं, आणि खरी वही म्हणजे त्या दिवशी जे लिहिलं ते. तुम्हीच सांगितलं होतंत, मागचं खोडायचं नाही, पुढं लिहायचं.

वहिनींच्या अक्षरातली कार्डं आहेत, ते आता कुणाला नाही म्हणता येणार नाही. इंग्रजी चौकशीवाल्यांना माझं मराठी कोण वाचून दाखवणार ते तुम्ही बघा. बटाट्याची भाजी, वरण, कुणी काय टाकलं, हे ऐकून ते हसतील. हसू दे. एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या फॉर्मांत जे कुठं लिहिलेलं नाही, ते एका खाणावळवाल्याच्या पोरीनं खळीनं चिकटवून ठेवलं, असं सांगा त्यांना. नाही, असं नको. तुम्हाला जे योग्य वाटेल ते सांगा.

मी साहेबांचं वाईट चिंतत नाही. त्यांनी मला विचारलं होतं, बाळ, काही खाल्लंस का. ते खरंच होतं. आणि तुम्ही टेबल पुसून, झाडाला पाणी घालून, अकरा वर्षांची नोकरी सोडून गेलात, तेही खरं. मी दोन्ही बघितलंय. माझ्यात तुमच्या निम्मासुद्धा धीर नाही. पण यामू मोठी होऊन विचारेल, अहिल्यामावशी खोटं बोलली होती का, तर मला तिच्याकडे बघून "नाही" म्हणता आलं पाहिजे.

गुरुवारी मी सही करणार नाही. काय बोलायचं ते पाठ केलंय. "आय कॅनॉट साइन. इट इज नॉट ट्रू." यामूनं शिकवलं. ती म्हणते, "आई, से इट लाउडर." पोळ्या लाटताना मी तेच म्हणते आहे. नंतर हे लोक मला काय करतील माहीत नाही, पण हे घर माझं राहणार नाही एवढं कळतं. तीन वर्षं यामूची उंची मी बेसमेंटच्या दारावर पेन्सिलीनं लिहिली, ते दार काही नेता येणार नाही. फाइलचं काय होईल त्याचा विचार मी करत नाही.

पत्र गुरुवारच्या आत पोचायचं नाही. तुम्ही ऋषीकडे आहात की साक्षीसाठी निघालात, तेही मला माहीत नाही. म्हणून हे खाली मोठ्या अक्षरात लिहिते, जो कोणी पाकीट उघडेल त्याच्यासाठी. ऋषी असला तर बाळा, तुला मराठी कमी येतं, हळूहळू वाच.

वही अहिल्याताईंच्या हातात द्या, चौदा तारखेच्या आत.

आणि माझ्या भावाला फोन करा. मी केला तर तो ठेवतो, तुमचा ठेवणार नाही. नाव एकनाथ, नंबर पाकिटाच्या मागं आहे, मिठाईच्या दुकानाचा. त्याला म्हणा, प्रतिमा म्हणते तू बरोबर होतास. म्हणा, एका खोलीत आम्ही दोघी मावतो. येत्या मंगळवारी, बारा तारखेला, साडेदहाला अ‍ॅशबर्नच्या लायब्ररीत यामूची गोष्ट ऐकायची वेळ असते, तिथं न्यायला ये म्हणा, दाराशी आम्ही उभ्या राहू, काहीही झालं तरी. दुपारी दोन ते चार तो जरा मोकळा असतो, तेव्हा करा. लगेच उचलला नाही तर ठेवू नका. भट्टीच्या आवाजात त्याला लवकर ऐकू येत नाही, रिंग वाजू द्या.